पावणेआठचा सूर्योदय

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजचा सूर्योदय मिनिटांसकट छापलेला असतो. ते छापणाऱ्याला आमच्या शेजाऱ्याची काळी पाण्याची टाकी ठाऊक नसावी. कॅलेंडर सहा वीस म्हणत असलं तरी आमच्या घरात सूर्य पावणेआठला उगवतो, कारण तेव्हा तो त्या टाकीच्या वर येतो आणि माझ्या आईला दिसतो. आई त्याला पाहते, हात जोडते, तांब्यातलं पाणी तुळशीत ओतते आणि मग चहाचा पहिला घोट घेते. त्याआधी पाणी चालतं, औषध चालतं, पण अन्न चालत नाही. चहात दूध असतं म्हणून चहाही अन्नात धरलेला आहे. हे नियम तिचे तिनेच केलेले आहेत आणि त्यात आजवर कुणाला एक शब्द बदलता आलेला नाही.

शेजाऱ्यानं दुसरा मजला चढवला नव्हता तोवर आमचा सूर्योदय सातच्या आत होता. टाकी बसली त्या आठवड्यात मी त्याच्याकडे गेलो होतो. माणूस भला आहे. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "सर, टाकी हलवतो ना. पण स्लॅबचं काय करू?" मी चहा पिऊन परत आलो. गुडघ्यांमुळे आईला गच्चीचा जिना चढता येत नाही. तेव्हापासून ती अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत बसून टाकीकडे बघत असते, आणि तिला पाहून मला आधी राग येतो आणि मग रागाची लाज वाटते.

मी भोकरदनला हायस्कुलात भूगोल शिकवतो. पृथ्वीचं परिवलन हा धडा मी इतक्या वेळा शिकवलाय की झोपेतून उठवलंत तरी फळ्यावर गोल काढून अर्धा भाग काळा करून दाखवीन. सूर्य उगवत नाही, मावळत नाही, आपणच फिरतो, हे वाक्य मी तालुक्यातल्या निदान दोन पिढ्यांच्या डोक्यात घातलं आहे. माझ्या स्वतःच्या घरात मात्र ते उंबऱ्याच्या आत आलं नाही. आणि आलं तेव्हा जे झालं, त्यापेक्षा ते बाहेरच राहिलं असतं तर बरं झालं असतं.

आमचं मूळ घर केदारखेड्याच्या पुढं, पण घरात आम्ही कमीच असायचो. वडील मेंढरं राखायचे. मेंढरं असतील तिथं आमचा वाडा, म्हणजे मेंढरांचा वाडा, जाळी लावून केलेला, आणि त्याच्या कडेला आमचं पाल. उघड्यावरच्या माणसाला सूर्याबद्दल काहीतरी मत असावंच लागतं. माझ्या आईवडिलांची मतं निरनिराळी होती आणि दोघंही आपापल्या मतावर ठाम होते.

वडील म्हणायचे, "त्यो रातच्याला घोंगडं पांघरून त्याच वाटेनं माघारी येतो. मावळतीकून उगवतीकडं. घोंगडं काळं, म्हणून आपल्याला दिसत न्हाई. इतकं सोपं हाय."

आईला हे बिलकुल पटायचं नाही. "दिसभर चालून थकलेला माणूस रातभर बी चालंल का? त्यो खाली जातो. जमिनीखाली. तिथं त्याची माय हाय. ती त्याला जेवू घालती, पाय चेपती, अन् पहाटं उठवून लावून देती."

"अन् झड लागल्यावर?" वडील विचारायचे. दिवसचे दिवस संततधार भुरभुर चालते आणि आभाळ उघडत नाही त्याला आमच्याकडे झड म्हणतात.

"मंग माय सोडत न्हाई त्याला. म्हणती, आज नको जाऊ, भिजशील."

मला वडिलांचं घोंगडं जास्त पटायचं. पाचवीत गेलो तेव्हा आमच्या गुरुजींनी चेंडू आणि मेणबत्ती घेऊन तिसरंच काहीतरी सांगितलं. ते मी धावत येऊन पालात सांगितलं, आणि त्या दिवशी माझ्या आईवडिलांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. वडील पोट धरून हसले. "पृथ्वी फिरून राह्यली तर मेंढरं काहून पडत न्हाईत रे?" आई हसली नाही. गुरुजींना घरी जेवायला मिळतं ना, एवढं तिनं काळजीनं विचारलं.

उपासाची गोष्ट त्याच्याही आधीची, मी तीन वर्षांचा असतानाची. ती मला आठवत नाही, पण इतक्यांदा ऐकली आहे की आठवल्यासारखीच वाटते. भाद्रपदात झड लागली होती. डोंगराच्या पायथ्याला पडिकात वाडा होता. पाल गळत होतं, लाकडं ओली, चूल पेटेना, आणि माझी छाती भरली. श्वास घेताना बरगड्या आत जायच्या म्हणे. नदीला पाणी आलेलं, पलीकडं जाता येत नव्हतं. पाचव्या दिवशी पहाटे मी डोळे फिरवले तेव्हा आई पालाबाहेर चिखलात उभी राहिली आणि उगवतीकडं तोंड करून भांडली. "तुही माय तुला सोडत न्हाई, अन् महं लेकरू मला सोडून चाललंय. बाहीर ये. तुला पाह्यल्याबिगर म्या घास घ्यायची न्हाई."

दुपारी ऊन पडलं. संध्याकाळपर्यंत मला घाम फुटून ताप उतरला. नवस असा नेमका लागू पडल्यावर कुणाची छाती आहे त्यावर वाद घालायची?

फक्त एक चूक झाली होती. नवस बोलताना मुदत घालायची असते. पाच रविवार, सव्वा महिना, लेकरू शाळेत जाईपर्यंत, असं काहीतरी. दुसऱ्या दिवशी वडिलांनी विचारलं, "कुठवर म्हणालीस?" आणि आईच्या लक्षात आलं की घाबरण्याच्या भरात मुदत घालायची राहून गेली. आता मागून घालता येत नाही. देवाशी केलेल्या बोलीत नंतर कलम वाढवता येत नाही, असं तिचं म्हणणं. म्हणजे तो जितके दिवस उगवेल तितके दिवस, किंवा ती आहे तितके दिवस. मी आहे तितके दिवस असंही तिच्या मनात असणार, पण ते ती कधी तोंडातून काढत नाही.

तिचं वय होतं, अंग काटक होतं, तोवर हे सगळं निभलं. झडीत दोन-दोन दिवस ती उपाशी राहायची आणि मेंढरांमागं चालायची. वडील गेले, मेंढरं विकली, मी नोकरीला लागलो आणि तिला भोकरदनला घेऊन आलो. मग तिला साखर निघाली.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावून सांगितलं, आजी, जेवणाच्या अर्धा तास आधी. मी ते माझ्या बायकोला सांगितलं, तिनं आईला सांगितलं, आणि आईनं ते अगदी बराबर पाळलं. गोळी ती घड्याळ लावून सातला घ्यायची, कारण औषध म्हणजे अन्न नाही. पावणेआठला सूर्य दिसला की चहा-भाकरी. आमचंही सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणून त्यातली खोच आमच्या दोघांच्याही ध्यानात आली नाही. भूगोलात मला दिशा कळतात, पण घरातलं एवढं साधं गणित मी मांडलं नाही.

गेल्या वर्षी भाद्रपदात झड लागली. आई रोज सातला गोळी घेत होती आणि सूर्य निघत नव्हता. पहिल्या दिवशी तीनच्या सुमाराला ढगाआडून पांढरी चकती दिसली, तिनं ती धरली आणि जेवली. दुसऱ्या दिवशी तेही नाही. मी शाळेत होतो. बायकोला वाटलं आपण अंघोळीला गेलो तेव्हा जेवल्या असतील. तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं सातला गोळी घेतली, आणि आठच्या सुमाराला खुर्चीतच तिची मान कलली. अंग घामानं थबथबलेलं, डोळे उघडे, पण ओळख नाही. बायकोनं साखर आणून तिच्या ओठाशी नेली, तर शुद्ध नसलेल्या त्या बाईनं दात घट्ट आवळून घेतले. शेवटी डॉक्टर घरी आले आणि त्यांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं विचारलं, "निघाला का?"

डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, "सर, तुम्ही शिक्षक आहात. जरा समजावून सांगा ना." त्यांनी ते चांगल्या मनानंच म्हटलं होतं. मला ते गालफडात मारल्यासारखं लागलं.

मग मी समजावण्याच्या मागे लागलो. नाशिकला बहीण असते, तिच्याकडे ऊन होतं, म्हणून तिला व्हिडिओ कॉल लावून फोनमध्ये सूर्य दाखवला. आईनं फोनला हात जोडले, लेकीची चौकशी केली आणि म्हणाली, "फोटू पाहून उपास सुटतो का रे?" तो फोटो नाही, आत्ताचा आहे, म्हटलं. मग ती म्हणाली, "तिच्याकडं निघालाय, चांगलं हाय. आपल्याकडं न्हाई निघाला." सूर्य एकच आहे म्हटलं, तर म्हणे, एकच आहे म्हणूनच तर, तिकडं गेलाय म्हणून इकडं नाही. माझ्या बायकोला हसू आवरेना. आत्याबाईंचं चुकलंय कुठं ते तुम्हीच सांगा, असं ती मला वर म्हणाली.

शेवटी मी शाळेतून पृथ्वीगोल आणला. जुना आहे, आपला देश आहे तिथला रंग पोरांच्या बोटांनी पार उडून गेलाय. एका रविवारी दुपारी खोलीचे पडदे ओढले. बायकोच्या हातात बॅटरी दिली. तिच्याच कपाळाची एक टिकली काढून, जिथं रंग उडाला होता तिथं चिकटवली. आईला समोर बसवलं. सांगतो, इतका मन लावून मी कधी तपासणीला साहेब आले तेव्हाही शिकवलं नसेल.

"ही टिकली म्हणजे आपण. भोकरदन."

"अन् बॅटरी म्हंजी सूर्यनारायण?"

"हो. आता बघ." मी गोल हळूहळू फिरवला. टिकली उजेडातून अंधारात गेली, मागून फिरून पुन्हा उजेडात आली.

आई पुढं सरकली. "पुन्हा फिरव."

मी फिरवला. तिनं तीनदा फिरवायला लावलं. तिसऱ्यांदा ती गोलाकडे बघतच नव्हती, बॅटरीकडे बघत होती.

"ही तर जागची हालतच न्हाई."

"तेच तर सांगून राहिलोय, माय. सूर्य जागचा हलत नाही. तो कुठं येत नाही, कुठं जात नाही. आपण फिरतो."

"म्हंजी त्यो तिथंच उभा असतो?"

"चोवीस तास."

"अन् रात व्हती ती?"

"आपण पाठ फिरवतो म्हणून."

तिनं बोटानं टिकली चाचपून पाहिली. मग म्हणाली, "अन् झड?"

"तेव्हाही तो तिथंच असतो. मध्ये ढग येतात, एवढंच. ढग म्हणजे इथलंच पाणी, वाफ होऊन वर गेलेलं."

"इथलंच?"

"इथलंच. समुद्राचं, नदीचं, आपल्या अंगणातलंसुद्धा."

तिनं मान डोलावली. मी पडदे उघडले. तिला पटलं होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, आणि वर्गात एखाद्या ढ पोराच्या डोळ्यांत उजेड पडलेला पाहून होतो तसला आनंद मला झाला. मी बायकोकडे बघून भुवई उडवली. तीस-चाळीस वर्षं लागली असतील, पण माझी आई परिवलन शिकली होती.

त्या संध्याकाळी दिवा लागल्यावर बायकोनं ताट वाढलं. आई ताटावर बसली नाही. बरं वाटत नाही का, विचारलं. ती म्हणाली, "त्यो तिकडं उभाय अन् आपण त्याला पाठ करून जेवायचं? आजवर ठाऊक नव्हतं तवर ठीक व्हतं."

मला आधी ती काय म्हणते तेच कळेना.

"म्या इतकी वरसं त्याच्या मायला बोल लावला," ती म्हणाली. "ती सोडत न्हाई, ती सोडत न्हाई म्हणून. तिचं काईच न्हाई त्यात. त्यो बिचारा जागेवर उभाय. तोंड आपण फिरवतो, पडदा बी आपल्याच पाण्याचा. मंग उपास कोणी धरायचा? आपणच ना?"

शेजारी सूर्यास्ताच्या आत जेवणारी मंडळी आहेत. त्यांचं शास्त्र आहे, त्यात सकाळचा नाश्ता वेळेवर असतो, पथ्य असतं, शिस्त असते. आईचं शास्त्र माझ्या पृथ्वीगोलातून निघालेलं होतं. त्या दिवसापासून तिचं खाणं पावणेआठ ते दिवस मावळेपर्यंत, एवढ्यातच. पूर्वी निदान रात्रीची अर्धी भाकर होती. तीही गेली. मी ओरडलो, गोल गॅलरीत नेऊन आपटला, तर त्याचा लाकडी पाया निघून आला. आईनं तो पाया उचलून दिला आणि म्हणाली, "त्याच्यावर राग काहून काढतो? त्यानं खरं तेच सांगितलं."

त्यानंतरचे महिने मी तिच्याशी भांडण्यात घालवले, आणि ते भांडण म्हणजे काय, तर मी बोलायचो आणि ती ऐकून घ्यायची. तिला मी नवीन काही सांगायला घाबरू लागलो. सांगितलेलं तिला पटलं तर? डॉक्टरांनी गोळ्यांची वेळ बदलून दिली, घास पोटात गेल्यावरच गोळी. त्यानं एक धोका टळला, पण सूर्य निघाला नाही की आता अन्नही नाही आणि गोळीही नाही, असं झालं. बायको तिच्या पाया पडली. आईनं तिला उठवून जवळ घेतलं आणि सांगितलं, "बाई, हे म्या माझ्यासाठी करून राह्यले का? तुह्या कुंकवाचा धनी हाय त्यो." मग बायकोनंही तो विषय सोडला. नंतर एकदा तिनं मला अंथरूण घालता घालता विचारलं की खरंच काही असेल का त्यात. मी तिच्यावर इतका खेकसलो की ती दोन दिवस बोलली नाही. भूगोलाच्या शिक्षकाची बायको असून असं विचारतेस, असं काहीतरी मी म्हणालो. पण तोच प्रश्न एक क्षण मलाही पडला होता, हे मी तिला सांगितलं नाही.

यंदा पुन्हा भाद्रपद आला आणि झड आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईला उलट्या सुरू झाल्या, या वेळी साखर वाढून. तिला गाडीत घालून आम्ही जालन्याला नेलं. दवाखान्यात सलाईन लावलं. ते तिनं लावू दिलं, नळीतून जातं ते घास नाही म्हणून. वॉर्डाला एक खिडकी होती, तीही पश्चिमेला, आणि तिच्याबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत. तिसरा दिवस गेला. शिरा सापडेनात, दोन्ही हात सुयांनी निळे पडले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता तोंडानं खाणं सुरू झालं पाहिजे, किडनीवर ताण येतोय, या वयात फार थांबता येणार नाही. त्या माझ्याच एखाद्या विद्यार्थिनीच्या वयाच्या होत्या. मी मान हलवत राहिलो.

चौथ्या दिवशी सकाळी बायकोनं मऊ खिचडी आणली. बाहेर झड चालूच होती. मी आईच्या उशाशी बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी सूर्याबद्दल खोटं बोललो.

"माय, निघाला."

तिनं डोळे उघडले. "कुठं?"

"बाहेर. मी आत्ता बघून आलो. चांगलं लख्ख ऊन पडलंय. तुला उठता येत नाही, मी पाहिलं म्हणजे तूच पाहिलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर मास्तरकीचा आव आणायची मला सवय आहे, तो मी आणला.

"आण घे," ती म्हणाली.

"तुझी शपथ."

"माझी नको. माझं काय राह्यलंय? तुही घे. सोताच्या डोक्यावर हात ठिव अन् सांग."

आता यात अडण्यासारखं काय होतं? डोक्यावर हात ठेवून चार शब्द बोलल्यानं माणसाला काही होत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. होतं आणि आहे. तरी हात उचलायला मला वेळ लागला. बायको वाटी धरून उभी होती, तिनं मान दुसरीकडे फिरवली. मी उजवा हात डोक्यावर ठेवला. "माझी शपथ. निघालाय."

आईनं पडल्या पडल्याच हात जोडले, भिंतीकडे तोंड करून. मग तोंड उघडलं. बायकोनं पहिला घास भरवला, दुसरा भरवला.  तिसऱ्या घासाला पलीकडच्या खाटेवरच्या बाईचा मुलगा आत आला आणि त्यानं दारातच छत्री झटकली. पाणी आमच्या खाटेपर्यंत उडालं.

आईनं छत्रीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. घास तिच्या तोंडात होता. मला वाटलं, आता थुंकेल, ओरडेल, हातातली सुई ओढून काढेल. त्यातलं तिनं काही केलं नाही. घास सावकाश चावला आणि गिळला. मग बायकोच्या हातातून वाटी घेतली आणि उरलेली सगळी खिचडी आपल्या हातानं संपवली. वाटी खाली ठेवून म्हणाली, "आता मोडलंच हाय."

नंतर तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. तीन वर्षांच्या लेकराचा ताप बघतात तसा, पालथ्या हातानं.

आई बरी होऊन घरी आली. आता ती सगळं वेळेवर खाते. सकाळी सातला नाश्ता, दुपारी जेवण, दिवा लागल्यावर भाकरी. अंगणातली खुर्ची तिनं आत घेतली आहे आणि टाकीकडे ती बघतही नाही. साखर आटोक्यात आहे. डॉक्टर म्हणाले, "बघा सर, शेवटी समजावलंत ना तुम्ही." मी हो म्हटलं.

तिनं आता माझ्यावर पहारा धरला आहे. बाहेरच्या खोलीत दाराशी बसते आणि मी किती वेळा खोकलो ते तिला ठाऊक असतं. शाळेत मधल्या सुट्टीत फोन येतो, "बरा हायस ना?" एवढंच विचारते आणि ठेवते. मोटारसायकल काढली की माझ्याआधी ती फाटकाशी. मला शिंक आली तर मी मोरीत जाऊन शिंकतो. मी कितीदा म्हणालो, माय, असं काही नसतं गं. ती म्हणते, "न्हाई ना? मंग बरंय." पटलं असतं तर किती बरं झालं असतं, पण या वेळी तिला काही पटत नाही.

दिवाळीनंतर मला चढावर छातीत आवळल्यासारखं होऊ लागलं. वर्गात उभ्या उभ्या डावा हात जड होतो. वय पन्नाशीच्या पुढं गेलेलं, दिवसाला सात-आठ चहा, वजन, चिडखोर स्वभाव. कारणं मला सगळी समजतात, मी ती फळ्यावर ओळीनं लिहून दाखवू शकतो. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, संभाजीनगरला जाऊन नळी घालून तपासणी करून घ्या, लांबवू नका. मी लांबवतो आहे. तिकडे एक रात्र राहावं लागेल, आणि एक रात्र मी घरी नसलो तर तिला काय सांगायचं, हे माझ्यानं ठरत नाही. जिभेखाली ठेवायची गोळी मी शाळेच्या पिशवीत खडूच्या डबीत ठेवतो. बायकोलाही अजून सांगितलेलं नाही.

परवा गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला गेलो. उतरताना खालून चौथ्या पायरीवर थांबावं लागलं. कठड्याला धरून उभा होतो, खाली पाहिलं तर जिन्याच्या तोंडाशी आई. एका हातानं भिंत धरून, गुडघ्यांची तक्रार विसरून तीही दोन पायऱ्या चढून आली होती.

"काय झालं?"

"काही नाही. दम लागला जरा."

"तुला काई व्हत तर न्हाई ना?"

"नाही गं." ती हलेना, तशी मी कपडे खांद्यावर टाकले आणि हात वर केला. "आण घेऊ का?"

माझा हात डोक्यापर्यंत पोहोचायच्या आत तिनं आणखी एक पायरी चढून माझ्या तोंडावर आपला पंजा दाबला. "न्हाई," ती म्हणाली. "आण घेऊ नको. नुसतं सांग."

ती हात काढत नव्हती. त्या हाताआडून मी काही नाही म्हणून मान हलवली.